पाचातले दोन घोडे

अंकुशच्या पोरीचा, प्रणालीचा फोन आला तेव्हा मी गॅस सिलिंडरवाल्याशी भांडत होतो. "काका, पप्पा गेले," एवढंच ती म्हणाली आणि मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठं?"... त्याला आता महिना होऊन गेला. अंकुश माझा नांदूरघाटच्या शाळेपासूनचा दोस्त. चौसाळ्याला हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज. गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवून द्यायची आणि ती नेमकी किती वाढली हे मोजून दाखवायचं, हा त्याचा धंदा. वाढवून देतो म्हणणारे पुष्कळ आहेत हो, आधी आणि नंतर मोजून दाखवणारा आमच्या भागात हा एकच. मी विज्ञानाचा मास्तर, आता निवृत्त. पण मोजणं म्हणजे काय हे मला या दहावी पास माणसानं शिकवलं, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. तो होता तोवर वाटायची.

मशीन नव्हतं तेव्हा तो मांजरसुंब्याचा घाट वापरायचा. खालच्या वळणापासून वरच्या दगडापर्यंत गाडी किती सेकंदांत चढते ते आधी बघायचं, मग इंजिनाला हात लावायचा, आणि मग पुन्हा तीच गाडी, तोच घाट, तेवढंच ओझं. ओझं म्हणजे सिमेंटची चार पोती आणि पाचवं पोतं मी. मला सकाळी आडतीवरच्या काट्यावर उभं करून तो वजन लिहून घ्यायचा, आणि दुसरी फेरी होईपर्यंत वजन बदलता कामा नये म्हणून हा बाबा मला जेवू द्यायचा नाही! एकदा त्याला दुपारचे तीन वाजले. मी गुपचूप जाऊन दोन प्लेट भजी हाणून आलो. गाडीत बसताना त्यानं माझ्या मिशीकडं बघितलं. "काय खाल्लंस बे?" "काय न्हाई." "वश्या, खरं बोल." पुन्हा काट्यावर नेलं. पाऊण किलो जास्त भरलं, तर पठ्ठ्यानं डिकीतला तेवढ्याच वजनाचा पाना बाहेर काढून ठेवला आणि मगच गाडी सुरू केली.

पुढं पुण्यातल्या एका बंद पडलेल्या गॅरेजातून त्यानं जुनं रोलरचं मशीन आणलं. जमिनीत खड्डा घेऊन त्यात लोखंडी रोलर बसवले. गाडीची पुढची चाकं रोलरवर चढवायची, गाडी पट्ट्यांनी जखडायची आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा; चाकं रोलर फिरवतात आणि शेजारच्या कंप्युटरवर ताकदीचा आकडा उमटतो. पहिल्या दिवशी अर्धं चौसाळा गोळा झालं होतं. गाडी जागच्या जागी शंभरच्या वेगानं गरगरतेय, आवाजानं पत्रे थरथरतायत... एका म्हाताऱ्यानं बराच वेळ टक लावून बघितलं आणि विचारलं, "एवढी पळतीया, मंग पोचंना कावून?" अंकुश हसून हसून खाली बसला. पुढं कितीतरी दिवस गॅरेजात कुणाला उशीर झाला की तो हेच विचारायचा.

माझी जुनी पेट्रोल गाडी त्यानं त्याच उन्हाळ्यात कामाला घेतली. आधी एकाहत्तर हॉर्सपॉवर, नंतर शहात्तर. गॅरेजच्या भिंतीवर प्रत्येक गाडीचे आधीचे-नंतरचे आकडे तो पांढऱ्या रंगानं लिहायचा, तिथं माझेही लिहिले. पाच घोडे वाढले! मी शाळेत सांगितलं, सोयऱ्यांत सांगितलं, एका लग्नाच्या पंगतीत नवरदेवालासुद्धा सांगितलं. बीडमधला एक गॅरेजवाला तेव्हा अंकुशच्या नावानं उठवत होता की, हा गाडी नाही वाढवत, नुसता आकडा वाढवतो. त्याला उत्तर म्हणून मी लोकांना ती भिंत दाखवायचो. अंकुशची सगळी अब्रू त्या भिंतीवर होती म्हणा ना.

आणि एक दिवस त्याचा फोन. "मास्तर, ये. घोळ झालाय." एका गाडीचं आधीचं माप सकाळी घेतलं होतं, काम सुरूच केलं नव्हतं. दुपारी सहज परत मोजली, तर दोन घोडे जास्त! आम्ही दोघं डोकं धरून बसलो. मग उलगडलं. गरम हवेत इंजिन थोडं दमतं, म्हणून मशीन हवेचं तापमान बघून उन्हाच्या दिवशी थोडी सूट देतं, म्हणजे आकडा जरा वाढवून दाखवतं. ते तापमान बघणारी वायर लोंबत होती नेमकी कूलरसमोर. उन्हातून आलेल्या गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं आणि कूलर लावायचा, ही आपली रीतच. म्हणजे इंजिन ओढतंय बेचाळीस अंशांची हवा आणि मशीनला वाटतंय महाबळेश्वर! सूट नाही, आकडा कमी. काम उरकेपर्यंत दुपार व्हायची, लाइट जायची, मशीन जनरेटरवर आणि कूलर बंद. आता मशीनला ऊन कळायचं, सूट मिळायची, आकडा वर. पाहुणचारापायी त्या उन्हाळ्यातली प्रत्येक गाडी दोन घोडे खोटं बोलत होती.

"समद्यांना फोन करतो," तो म्हणाला. मी उसळलो. "येडा झालास का? दोन घोड्यांनी कुणाचं काय अडलंय? कुणाला कळतंय? तो बीडचा टपूनच बसलाय, त्याला आयतं कोलीत देतोस?" तो रंगाचा डबा शोधत होता. "मला कळलंय ना बे," एवढंच म्हणाला आणि पहिली रेघ मारली ती माझ्या गाडीच्या आकड्यावर! मी तरातरा निघून आलो. खरं सांगतो, मला त्याच्या अब्रूपेक्षा माझ्या पाच घोड्यांची जास्त पडली होती. दोन महिने मी त्याच्याशी बोललो नाही.

त्यानं प्रत्येकाला फोन केला. एकजण म्हणाला, "राहू द्या हो, सासुरवाडीत सांगून बसलोय." दोघं-तिघं वाट्टेल ते बोलले. बाकीचे गाड्या घेऊन आले; त्यानं इंजिनाचं सेटिंग पहिल्यासारखं करून आधीचं माप पुन्हा काढलं, मग नंतरचं, आणि वायर नेऊन बसवली इंजिन जिथून हवा ओढतं तिथं. शेवटी मीही गेलो. एकाहत्तरचे त्र्याहत्तर निघाले, शहात्तर तसेच. म्हणजे वाढ तीनच. "तीन बी लई हाय," तो म्हणाला, आणि वहिनींनी आतून पिठलं-भाकरी आणली. त्या वर्षी काम कमी झालं. पण पुढं धाराशिवकडून, लातूरकडून गाड्या यायला लागल्या, कारण तिकडं बोलवा झाली होती की चौसाळ्याला एक मिस्त्री आहे, तो आकडा कमी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी अंकुशला फुप्फुसाचं दुखणं निघालं. मशीन प्रणालीनं हातात घेतलं. इंजिनिअरिंग झालेली पोर, बापासारखीच चिकट. डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलं होतं. घरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत तो जायचा. मी भेटायला गेलो की म्हणायचा, "फरक हाय. आधी तीनदा बसावं लागायचं, आता एकदाच." शोभावहिनींचा चेहरा उजळायचा. त्याही म्हणायच्या, "व्हय भावजी, चाल सुधारलीय." आणि आकडा अंकुशचा म्हटल्यावर मी कशाला शंका घेतोय? चहा पिऊन निश्चिंत घरी यायचो.

परवा गेलो होतो. वहिनी आत होत्या. प्रणालीनं मला एक वही दिली. त्याच्या अक्षरात तारखा, तापमान, वारा कुठून, पायात तीच चप्पल. औषध सुरू करण्याआधी: टाकीपर्यंत तीनदा बसलो. औषधानंतर: चारदा. मग पाचदा. शेवटच्या पानांवर टाकी नव्हतीच, नुसतं वाटेतल्या चिंचेच्या झाडापर्यंत. आणि प्रत्येक नोंदीखाली बारीक अक्षरात: शोभाला सांगितलं, एकदाच बसलो... दोन घोड्यांसाठी माझ्याशी भांडलेला हा माणूस! मला हसू आलं आणि मग रडू आवरेना. प्रणाली हळूच म्हणाली, "काका, आईला दाखवू का?"

मी काही बोलायच्या आत वहिनी दारात आल्या. वहीकडं एकदा बघितलं आणि पदरानं हात पुसत म्हणाल्या, "मला काय दाखवायचंय? मी रोज गच्चीवरून मोजीत व्हते की."