भडगावच्या बाळंतिणी आणि आमच्या डॉक्टरीणबाई

बाळंतपणाच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते रडत-ओरडत आपणहून येतात! स्वराज्य यायच्या आधी मी भडगावला नर्स होते. आमच्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. त्यांची आठवण आली की आजही हात आपोआप जोडले जातात.

*

दवाखान्यात नव्याकोऱ्या लोखंडी खाटा आल्या. बायका त्यांवर चढायलाच तयार नसत. एका शेतकरणीने तर दाराची चौकटच धरली. "एवढ्या उच्च्या खाटवर? पोऱ्या खाले पडी जाई ना!"

बाईंनी वाद घातला नाही. जमिनीवर गोधडी, वर धुतलेली चादर घातली आणि उभ्या उभ्याच वाकून तपासू लागल्या.

कळा सोसत ती शेतकरीण म्हणाली, "तू बी खाले बठ ना, बाई! सासूसारखी डोकावर कसाले उभी शे?"

बाई हसत हसत खाली बसल्या. पुढे कायमच खाली बसून तपासू लागल्या!

*

गावची सुईण जनाअक्का. बाई तिला बाळंतिणीजवळ बसू देत. "अडल्या वेळी ओळखीचा चेहरा नको का?" म्हणत. अट एकच, हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे.

मी म्हटलं, "अक्का, बांगड्या काढा."

"मना धनी जित्ता शे!" अक्का कडाडली.

बाईंनी तिच्या बांगड्या वर सारल्या, स्वच्छ फडक्याने कोपराशी बांधल्या आणि हात धुऊन दिले. अक्काने हात निरखले. "आते मना धनी बी वाचना, नि तुना कायदा बी!"

*

एका बड्या बागाईतदाराच्या आईला कळलं, की सुनेच्या शेजारी गावकुसाबाहेरची बाळंतीण आहे. तिला हलवा म्हणून म्हातारी अडून बसली. ती शेजारीण अवघडून उठायला लागली. बाईंनी तिचा खांदा धरून तिला निजवलं.

"कोणी हलणार नाही. दोघींना हात लावणारी मी एकच आहे. दुसरी कुठून आणू?"

म्हातारी पदर सावरत सुनेजवळ सरकली. मग म्हणाली, "बरं, पन मनी सूनले हात लावाना आगोदर धुई ले."

"धुते की! आणि तुमच्या सुनेला लावल्यावर हिच्यासाठीही धुते!"

*

पाचवीची पूजा वॉर्डातच व्हायची. सटवाईने बाळाचं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद नि लेखणी ठेवतात. एकदा लेखणी मिळेना. बाईंनी आपलं फाउंटन पेन काढून दिलं.

बाळाची आजी दचकली. "हाई इंग्रजी पेन नको! सटवाईनी इंग्रजीमा लिखं, तर पोऱ्या बिलायतले जाई!"

*

मग बाईंचेच दिवस भरले. पुण्याला जायचं ठरलं होतं, पण कळा आधीच सुरू झाल्या. त्यांची आई त्यांच्या जन्माच्या वेळीच गेलेली. जवळ मी आणि जनाअक्का.

बाई पडल्या पडल्या हुकूम सोडत होत्या. "पाणी उकळलं? कात्री? नाडी बघ!" चेहरा घामाने डबडबलेला, डोळ्यांत भीती, पण तोंडातून हूं नाही.

अक्काने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "गप पड. आज तू डॉक्टर नही शे. रड आते."

बाईंनी अक्काचा हात घट्ट धरला. मग एवढ्या जोराने ओरडल्या, की बाहेरच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"आई गं!"

अक्का म्हणाली, "ओ! आठेच शे मी, तुनाजवळ."