राबाखालचा पाईप

नळ गळायला लागला की माणसं आधी तोटी आवळतात. जोर लावून आवळली की आतला वायसर आणखी चेपतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त गळतं. मी पाणी बंद करून वरचा नट सोडवते, वायसर बोटाने चाचपते, आणि तो कडक झाला असेल तर जुन्या चपलेच्या टाचेचा गोल कापून घालते. चांगला वर्षभर टिकतो. शहापूरच्या आमच्या घरात नळवाल्याला बोलवायची वेळ फारशी आलीच नाही. मला याचा अभिमान आहे, पण तो मी कुणापुढे बोलून दाखवत नाही. मुळात मी बोलतेच कमी. एकदा मात्र बोलले, आणि हे घर त्या बोलण्यावर उभं आहे. म्हणून लिहून ठेवते.

आधी आम्ही शेणव्याच्या आतल्या एका गावात राहायचो. माझे मालक शहापूरला भाताच्या गिरणीत कामाला होते. डांबरी रस्त्यापर्यंत चालत जायचे, तिथून एसटी. गावातली शाळा सातवीपर्यंत. आमची मुलगी त्या साली सातवी झाली. माझी शाळा चौथीला सुटली होती, कारण पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि सोबत जायला कुणी नव्हतं. वडील वाईट नव्हते. सोबत नव्हती एवढंच. माझ्या मुलीचं तसं होऊ द्यायचं नाही हे माझं ठरलं होतं. घर विकायचं आणि शहापूरला शाळेजवळ दोन खोल्या घ्यायच्या. मालकांना पटायला वर्ष गेलं. पटलं तेव्हा गिऱ्हाईकही मिळालं.

मुरबाडचं जोडपं होतं. बाईंचं माहेर आमच्या शेजारच्या गावात, म्हणून म्हातारपणी इकडे यायचं होतं. एकदा घर बघून गेले. बाई तेव्हाच म्हणाल्या, "मी जन्मभर हांडे वाह्यले. माझी मान गेली. नळाला पाणी असल तर घर घ्यायचं, नायतर नाय." नळाला पाणी होतं. आदल्याच दिवाळीत आम्ही खालच्या शेतातल्या विहिरीवर मोटार बसवून प्लास्टिकचा पाईप घराच्या टाकीपर्यंत आणला होता. पुढच्या रविवारी ते विसाराचे पैसे द्यायला येणार होते.

आणि त्याच आठवड्यात पाणी बंद झालं. मोटार घुमायची, पण टाकीत थेंब पडायचा नाही. मालक म्हणाले, मोटार जळली. शहापूरचा मिस्त्री आला, मोटार उघडली, फिरवून बघितली. "मोटार चांगली हाय, पुढं कुठं आडलंय ते बघा," म्हणाला आणि त्याची एसटी होती म्हणून निघून गेला.

मालक ओटीवर डोकं धरून बसले. मग हळूच म्हणाले, "रविवारपुरती टाकी हांड्यानं भरू. तोटी सोडली की धार पडल. त्यांना काय कळतंय?"

"आणि सोमवारी?"

"सोमवारी घर त्यांचं."

माझ्याकडे न बघता बोलले. फसवणारा माणूस नाही तो. पण शाळा जूनला सुरू होणार होती आणि दुसरं गिऱ्हाईक कुठून आणायचं?

"हांडे कोण वाहणार?" मी विचारलं.

"तूच गो, दुसरं कोण?" म्हणाले, आणि आम्हाला दोघांनाही हसू आलं.

दुसऱ्या दिवशी ते कामाला गेल्यावर मी पाईपाच्या कडेकडेने विहिरीपासून चालत आले. मध्ये बांधापाशी एक जोड होता. तो सोडवला आणि विहिरीवर जाऊन मोटार चालू केली. तिथून बघितलं तर बांधापाशी पाण्याचा फवारा उडत होता. म्हणजे तिथपर्यंत पाणी येत होतं. मोटार बंद केली, जोड बसवला, घरामागचा एल्बो, म्हणजे पाईपाच्या वळणाचा तुकडा, सोडवला, परत मोटार. तिथे काही नाही. अडलं ते या दोन्हींच्या मधे, आणि मधे, आमच्या परसाला लागून, होता माझ्या थोरल्या दिरांचा तुकडा. तो पार काळा पडला होता. त्यांनी नुकताच राब भाजला होता.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर शेण, पाला, तोडलेल्या फांद्या अंथरून वर माती टाकतात आणि चैत्र-वैशाखात पेटवतात. दिवसभर आत धुमसत राहतं. त्याला राब म्हणतात. पाईप टाकला तेव्हा कार्तिक होता, तिथे नुसतं गवत होतं. दिरांनीच सांगितलं होतं, माझ्या तुकड्यातून सरळ ने, जवळ पडेल. त्या जागी खाली कातळ लागला म्हणून पाईप चार बोटं मातीत राहिला होता. पाईप टाकणारे सगळे जन्मभर राब भाजणारे, पण कार्तिकात चैत्र कुणाला आठवला नाही.

मी राख पाटीत भरून बाजूला ठेवली, कारण ती रोपाला लागते, आणि माती उकरली. पाईप निघाला तो भाकरीसारखा चपटा, वरची बाजू खालच्या बाजूला चिकटलेली. तेवढा तुकडा करवतीच्या पात्याने कापून काढला. माळ्यावर उरलेला पाईप होता. पाईपाचं तोंड चुलीवर फिरवत फिरवत मऊ करायचं आणि दुसऱ्यावर दाबून बसवायचं, हे मी पाईप टाकणाऱ्यांचं बघितलं होतं. पहिलं तोंड करपलं. दुसरं नीट जमलं. थंड झाल्यावर ओढून बघितलं, हललं नाही. मोटार चालू केली आणि टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. मी तिथेच पायरीवर बसले. कितीतरी वेळ तो आवाज ऐकत होते.

संध्याकाळी मालकांनी तोटी सोडून बघितली. "कोणी केलं?"

"मी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग राबाचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "दादाला बोलू नको. पाव्हण्यांना तर नकोच."

दादाला मी बोलणार कशी? लग्न झाल्यापासून थोरल्या दिरांशी मी एक शब्द बोलले नव्हते. आमच्यात धाकट्याची बायको थोरल्या दिरापुढे बोलत नाही. काही सांगायचंच झालं तर डोक्यावर पदर घेऊन भिंतीकडे बघत म्हणायचं, "चहा झाला म्हणावं." भिंत काही सांगायला जायची नाही, पण दीर ऐकायचे.

रविवारी पाहुणे आले. पुरुष ओटीवर बसले. दीरही आले होते, घरातले मोठे म्हणून. बाई आल्या त्या थेट मोरीत. तोटी पूर्ण सोडली, बंद केली, परत सोडली, चूळ भरली. "गोड हाय," म्हणाल्या. मग परसात आल्या आणि उकरलेल्या मातीपाशी थांबल्या.

"इथं काय पुरलंस गो? सोनं?"

"पाईप," मी म्हणाले. आणि मालकांनी नको म्हटलेलं असूनही सगळं सांगून टाकलं. ज्या बाईने जन्मभर हांडे वाहिले तिला नळाचं खोटं सांगायला माझी जीभ वळेना.

त्या ऐकून घेतात न घेतात तोच ओरडल्या, "अवो, इकडं या! ही काय सांगते ऐका!"

सगळे पुरुष परसात आले. मी दाराआड सरकले. बाईंनीच सांगितलं. त्यांच्या मालकांनी राबाची जागा बघितली आणि म्हणाले, "म्हंजे पुढच्या साली राब भाजला की परत पाईप गेला. मग आमी काय करायचं?"

माझे मालक आपल्या चपलांकडे बघत होते. थोरल्या भावाला राब हलव म्हणायची त्यांची छाती नव्हती. दीर स्वतःच बोलले, "राबाची जागा माझ्या बापापासूनची. ती हलायची नाय."

"मग आमचं पण जमायचं नाय," बाई म्हणाल्या आणि पायरीवरची पिशवी उचलली.

मुलगी चुलीपाशी चहा गाळत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. मी पदर पुढे ओढला आणि दाराबाहेर आले.

"भावजी."

दिरांनी मागे वळून बघितलं. त्यांना वाटलं दुसरंच कुणी बोललं.

"राब नका हलवू," मी जमिनीकडे बघत म्हणाले. "पाईप हलवू. बांधाच्या कडेनं फिरवला तर राबाखाली जायचाच नाय. तिथं कातळ नाय, गुडघाभर खोल जाईल. दोन एल्बो जास्त लागतील. खणायचं मी खणीन."

मुरबाडचे पाहुणे म्हणाले, "वळणानं पाण्याचा जोर कमी होईल की."

"टाकी भरायला जरा जास्त वेळ लागल. नळाला फरक नाय पडायचा. नळाला टाकीचा जोर असतो, मोटारीचा नाय."

मग दीर मालकांना म्हणाले, "काय रे, ही बोलते?"

"घरात बोलते."

"मग इतकी वर्षं भिंतीशी काय बोलत होती?"

बाई मोठ्याने हसल्या. दीर मात्र हसले नाहीत. पहिल्यांदाच माझ्याकडे वळून मला म्हणाले, "खण. पण माझा बांध फुटला तर पाणी तुझ्या घरात सोडीन."

"घर आता यांचं हाय," मी म्हणाले.

तोंडातून कसं निघालं कळलं नाही. आधी मालक हसले, मग पाहुणे, आणि शेवटी दीरही. बाईंनी पिशवी खाली ठेवली. "आधी पाईप फिरवा," म्हणाल्या, "पाणी येऊ द्या. मी माहेरातच हाय, मला निरोप धाडा. मग विसार."

सकाळी मी विहिरीकडच्या टोकाने खणायला लागले. मालकांनी गिरणीत रजा टाकली. थोड्या वेळाने घराकडच्या टोकाने पहारीचा आवाज यायला लागला. दीर होते. आम्ही दोन्हीकडून खणत मध्ये आलो. त्यांनी वर न बघता विचारलं, "एल्बो इथं का पुढं?" मी म्हणाले, "जरा पुढं, भावजी." ते पुढे सरकले.

नवीन वाटेने टाकीत पाणी पडलं तेव्हा बाईंना निरोप गेला. त्यांनी परत तोटी सोडून बघितली, बंद केली, परत सोडली. विसार त्याच दिवशी झाला. त्या निघायच्या आधी मी त्यांना मोटार कुठे बंद करायची, टाकीचा कॉक कुठे, पावसाआधी कोणता जोड बघायचा, सगळं हात धरून दाखवलं.

जूनमध्ये आम्ही शहापूरला आलो. शाळेच्या पहिल्या दिवशी मालक कामावर होते. मुलीला घेऊन मी एकटीच गेले. फाटकापाशी खूप गर्दी होती, सगळे शिकलेले आईबाप. मुलगी माझ्या मागे उभी होती. मी गर्दीतून पुढे गेले आणि शिपायाला विचारलं, "भाऊ, आठवीचा वर्ग कुठला?"