उत्तमबाबच्या गाडीचा उजेड

माझा उजवा हात कोपरापर्यंत बॅटरी आणि हेडलाइटच्या मधल्या फटीत अडकला होता आणि उत्तमबाब ड्रायव्हरच्या सीटवरून ओरडत होते, "मेस्ता, मंदच रे! कायच फरक नाय."

पार्सेतल्या त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ही माझी तिसरी खेप होती. तक्रार तीच, हेडलाइट कमी पडते. मी वैतागलो होतो, पण वैताग दाखवायची सोय नव्हती. उत्तमबाब माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, आणि माझ्या लग्नाचं वऱ्हाड त्यांच्याच जुन्या गाडीतून गेलं होतं.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. म्हणजे गाडीचं इंजिन माझं नाही, वायरी माझ्या. गोवा राज्य झालं त्याच वर्षी म्हापशाच्या एका गॅरेजात लागलो, नंतर पेडण्यात स्वतःचा गाळा टाकला. आमच्याकडे कुठल्याही कारागिराला मेस्त म्हणतात, तसा मीही मेस्त झालो. उत्तमबाब टॅक्सी चालवायचे. मांद्र्याच्या गेस्टहाउसमधले पाहुणे दाबोळीच्या विमानतळावर सोडायचे. बहुतेक विमानं सकाळची, त्यामुळे पार्सेतून निघायचं ते उजाडण्याच्या आत. घर त्या एका गाडीवर चालायचं आणि मुलीचं नर्सिंगचं शिक्षणही.

आता बल्बचं सांगतो. जुन्या गाड्यांत बॉनेट उघडलं की बल्बची पाठ समोर दिसायची. नव्या छोट्या गाड्यांत जागा वाचवायच्या नादात कंपन्यांनी उजव्या दिव्याच्या मागे बॅटरी ठेवली आणि डाव्याच्या मागे काच धुवायच्या पाण्याची बाटली. मध्ये उरते ती चार बोटांची फट. डोळा तिथे पोचत नाही. सगळं हाताने चाचपून करायचं. आधी तीन पिनांचा कनेक्टर ओढायचा. मग रबरी टोपी सोलायची. तिच्याखाली तारेची क्लिप असते, ती दाबून बाजूला घ्यायची, मग बल्ब बाहेर येतो. नव्या बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की काच तिथे तापते आणि फुटते. बल्बच्या कडेला तीन कान असतात, ते खाचांत बसले तरच प्रकाश सरळ पडतो. गॅरेजात आम्ही सरळ बॅटरी काढून ठेवतो. घरी करणारे लोक निम्म्या वेळा क्लिप पाडतात आणि मग मला फोन करतात.

पहिल्या खेपेला चतुर्थी जवळ आली होती. दिव्याची प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी पडली होती. मी ती घासून पॉलिश केली, बल्ब बदलले. गाडीच्या दोन्ही बाजूंना ओरखडे होते, डावा आरसा चिकटपट्टीने धरलेला. मी चेष्टा केली, "उत्तमबाब, रस्ते अरुंद झाले काय तुमच्यासाठी?" तेही हसले. ती चेष्टा आठवली की अजून मला स्वतःची लाज वाटते.

दुसऱ्या खेपेला मी स्वतः सीटवर बसून बघितलं. लाइट छान होती. मीटर लावला, व्होल्टेज बरोबर. अर्थिंग बरोबर. म्हणजे गाडीत दोष नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण म्हापशाचा माझा जुना शेट सांगायचा, "गिऱ्हाईक म्हणता लायट कमी, म्हणजे लायट कमी. वाद घालू नको, बल्ब घाल." तेच अंगवळणी पडलेलं. मी शंभर वॅटचे बल्ब घातले. रस्त्यावर त्यांना परवानगी नाही, शिवाय कनेक्टर वितळतो, हे सगळं माहीत असून घातले. उत्तमबाब खूश झाले. सुनंदावयनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला चहा आणि उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल पाव, दिले. मी ते मजेत खाल्ले.

आणि आता ही तिसरी खेप. काजूचा हंगाम होता, शेडमध्ये बोंडूंचा आंबूस वास भरलेला. वयनी दाराशी बसून बिया निवडत होत्या. कनेक्टर अपेक्षेप्रमाणे करपला होता. तो बदलताना माझं बोट रबरी टोपीवरून फिरलं आणि मी थबकलो. टोपी चारी बाजूंनी नीट बसलेली. आत क्लिप जागच्या जागी. बल्बचे तिन्ही कान खाचांत. शंभरचा बल्ब गेला होता आणि त्या जागी साधा नवा होता.

"हे कोणी बसवलं?" मी विचारलं.

"मी," उत्तमबाब म्हणाले. "दोनय बाजूचे."

"बॅटरी न काढता?"

"कित्याक काढूची? धा मिनटांचा काम. हाताक कळता मरे."

माझ्या गाळ्यातल्या कुणालाही हे इतकं सफाईने जमत नव्हतं. मी मनापासून कौतुक केलं. 

शेवटचा उपाय म्हणून भिंतीची टेस्ट करायची ठरवली. गाडी भिंतीसमोर उभी करायची, काळोख करायचा आणि प्रकाश कुठे पडतो ते खडूने आखायचं. दुपारची वेळ होती, म्हणून शेडचं दार आणि खिडक्या बंद केल्या. लाइट लावली. डिपरचा, म्हणजे खाली पाडलेल्या लाइटचा, प्रकाश भिंतीवर सरळ रेषेत कापल्यासारखा दिसतो, फक्त डावीकडे थोडा वर चढतो. रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसावा म्हणून ती सोय असते. मी खडू घेऊन बरोबर त्याच जागी जाऊन उभा राहिलो. उजेड माझ्या छातीपर्यंत येत होता.

"सांगा, पट्टी खंयसून वर चढता?" मी विचारलं.

उत्तमबाब सरळ समोर बघत होते. 

"मेस्ता," ते म्हणाले, "खंय गेलास तू?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हात हलवला. ते समोरच बघत राहिले. मग त्यांनी मान हळूहळू डावीकडे फिरवली, बरीच फिरवली, आणि म्हणाले, "हां, थंय आसा व्हय!"

 मी शेडचं दार सताड उघडलं, गाडीशी येऊन ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि खिशातला पांढरा फडका काढला. "समोरच्या खिळ्याकडे बघा. मान हलवू नका. फडका दिसला की सांगा." त्यांच्या कानाजवळून फडका पुढे आणायला लागलो. गाल गेला, डोळ्याचा कोपरा गेला. तो जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ते म्हणाले, "दिसलो."

"उत्तमबाब, गाडयेचो उजेड बरोबर आसा."

"मगे?"

"डोळे दाखवया."

ते एकदम उसळले. "माझ्या डोळ्यांक काय धाड भरली? चष्म्याबगर पेपर वाचतंय मी!" शेडच्या कोपऱ्यातल्या पोत्यावरची बारीक अक्षरं त्यांनी मला बसल्या जागेवरून वाचून दाखवली. एक अक्षर चुकलं नाही. "तू शंबराचे बल्ब घाल. तुका जमना जाल्यार सांग, मी घालतंय."

आणि ते घालू शकत होते, हेच मला भीतीचं वाटलं. मी नाही म्हटलं असतं तर पेडण्यातल्या कुठल्याही दुकानातून बल्ब आणून, चाचपून, दहा मिनिटांत त्यांनी ते बसवले असते. जिथे कुणालाच दिसत नाही तिथे त्यांचं काहीच अडत नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना भाडं होतं, मांद्र्याचं एक कुटुंब, दोन लहान मुलं.

तेवढ्यात दाराशी वयनी उठून उभ्या राहिल्या. हातातल्या बिया त्यांनी सुपात टाकल्या.

"मेस्ता, मी सांगतंय," त्या म्हणाल्या. "गेल्या म्हयन्यात हे बांयच्या कठड्याक आपटले. माका म्हणाले, काळोख होतो. दनपार होती ती." विहिरीचा कठडा, आणि तोही भर दुपारी.

  उत्तमबाबनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मग किल्ली काढून माझ्यापुढे धरली. मी ती घेतली. पहाटेच्या भाड्यासाठी ओळखीच्या दुसऱ्या टॅक्सीवाल्याला फोन केला. दुरुस्तीसाठी नाही, तर मालकाने चालवू नये म्हणून मी कुणाची गाडी ताब्यात घेतली, हे पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच गाडीतून आम्ही म्हापशाला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. गाडी मी चालवत होतो, उत्तमबाब शेजारी, वयनी मागे. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या सीटवर बसले असतील. रस्ताभर त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत होता.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका यंत्रात तोंड घालायला लावलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. बाहेर आम्हाला बटणाची टिकटिक ऐकू येत होती आणि दोन टिकटिकींमध्ये फार वेळ जात होता. काचबिंदू निघाला. बाईंनी समजावून सांगितलं ते असं. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची शीर हळूहळू सुकते. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडून जाते, मधली शेवटपर्यंत राहते. म्हणून पेपर वाचता येतो आणि शेजारचा माणूस दिसत नाही. थेंब घातले तर उरलेली नजर टिकते. गेलेली परत येत नाही.

"कधीपासून कमी दिसतंय?" बाईंनी विचारलं.

उत्तमबाबनी मान वळवून मला शोधलं. "मेस्ता, पयली फावट तू बल्ब घालूक कधी इल्लंस?"

"चतुर्थीच्या आधी," मी म्हणालो.

बाईंनी बोटांवर महिने मोजले. "आठ महिने. तेव्हाच आला असतात तर बरंच वाचलं असतं," असं म्हणून त्या कागदावर लिहायला लागल्या. मला त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना कुठे माहीत होतं मी कोण ते?

गाडी डिचोलीच्या एका माणसाने विकत नेली. मुलीने शिक्षण पुरं केलं, पण दोन वर्षं मध्ये सोडून, म्हापशाच्या एका कापडाच्या दुकानात काम करून. उत्तमबाब घरी असतात. थेंब वेळेवर घालतात. त्यांनी मला आजवर एका शब्दाने दोष दिलेला नाही. भेटलो की "ये मेस्ता, बस" म्हणून स्वतः खुर्ची पुढे ओढतात, आणि ओढताना ती बऱ्याचदा माझ्या गुडघ्यावर आपटते. दोष दिला असता तर मला बसणं सोपं गेलं असतं.

अजून महिन्यातून एकदोन गिऱ्हाइकं येतात, लाइट कमी पडते म्हणून. मी बॉनेट उघडत नाही. आधी त्यांना सीटवरून उतरवतो, स्वतः बसतो आणि भिंतीकडे बघतो. मला नीट दिसलं तर बल्ब विकत नाही, म्हापशाच्या दवाखान्याचा पत्ता देतो. काहीजण चिडून दुसऱ्या दुकानात जातात आणि तिथे त्यांना बल्ब मिळतो.