"तो इथं नाही"

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. माझं वय सत्तावीस. शाळा दुसरीपर्यंत, पण कळमेश्वरच्या पट्ट्यात संत्र्याचं कलम बांधण्यात माझ्या हाताला कोणी नाव ठेवल्याचं मला आठवत नाही. रोपाची साल चिरायला बोटभर पात्याचा चाकू लागतो. आम्ही कलमवाले तो कमरेलाच खोचतो. जेवायला बसलो तरी तिथंच, कोणाच्या लग्नाला गेलो तरी तिथंच. त्या दिवशी बागेतून उठलो आणि बायकोसाठी दिवाळीचं लुगडं घ्यायला तसाच नागपूरला गेलो. शहरात दगडफेक झालेली, पोलीस रस्त्यात माणसं चाचपून राहिलेले. आमच्या गावात हे कोणाला ठाऊक?

बाजाराच्या कोपऱ्यावर एका शिपायाचा हात कमरेला लागला.

"हे काय हाय बे?"

"झाडाचा चाकू हाय साहेब. कलम बांधाचा."

"अस्सं? मंग दाखव ना झाड. कुठं हाय झाड इथं?"

बाजूचे लोक हसले. मी हसलो नाही. त्यानं मानेला धरून मला गाडीत टाकलं.

ठाण्यातल्या कोठडीत पाय ठेवायला जागा नव्हती. कोपऱ्यात मुताची बादली, ती भरून वाहत होती, आणि ते पाणी भिंतीकडनं हळूहळू आमच्याकडे येत होतं. एकच माठ, एकच गलास. भिंतीवर चिरडलेल्या ढेकणांचे लाल डाग. मी आत पडलो तसा एक म्हातारा खिसेकापू उठून बसला. त्याचं अर्धं आयुष्य तिथंच गेलेलं.

"सरका गा, जावई आले," तो म्हणाला. "जावईबापू, नवा मानूस बादलीपाशी बसते. इथचा रिवाज हाय."

"मी काई चोर नाई," मी म्हणालो.

"मंग तं आनखी कठीन. चोराले निदान मालूम असते, काहून मार खाऊन राह्यलो."

बादलीपाशी आधीच एक जण पडलेला होता. मंडईत पोती वाहणारा हमाल, माझ्याच वयाचा. ओठ फुटलेला, पायाचे तळवे सुजून काळेनिळे. श्वास घेताना बरगडीला हात लावायचा. मी त्याला पाणी पाजलं, ते अर्धं बाहेर आलं. खिसेकापू माझ्या कानाशी आला. आता तो थट्टा करत नव्हता.

"याचं नाव ठान्याच्या वहीत लिवलंच नाई यायनं. तुहं लिवलं, माहं लिवलं. याचं नाई. इथं मेला तं म्हन्तीन, आनलाच नोता."

बागेत साप निघाला तरी मी इतका भ्यालो नव्हतो. साप दिसतो तरी.

दुपारी बाहेरच्या पडवीतून बाईचा आवाज आला. "दादा, माहा पोरगा हाय का गा इथं? भाकर आनली त्याच्यासाठी."

हमालानं डोळे उघडले. त्याची मायच ती.

"इथं नाई तो," शिपाई म्हणाला.

"लोकायनं पाह्यलं ना दादा, तुमच्याच गाडीत."

"एकडाव सांगतलं ना बाई, इथं नाई तो! चाल, निघ!"

हमाल ओरडायला गेला, पण बरगडीतून नुसती हवा निघाली. दुसरा शिपाई गजाला काठी लावून आमच्याकडे बघत उभा होता. कोठडीत कोणी खोकलासुद्धा नाही. चपलांचा आवाज दूर जाईपर्यंत सगळे जमिनीकडे पाहत होते. मग हमालानं माझी बाही धरली. "मंडईच्या मांगं... चिंचेच्या झाडाखाली झोपडी हाय. तू सुटशीन. तिले सांगजो, मी इथं हावो." एवढं बोलायला त्याला लय वेळ लागला.

दिवेलागणीला मला साहेबासमोर नेलं. टेबलावर माझा चाकू पडलेला.

"हात पुढं कर."

मी डावा केला.

"उजवा."

उजवा हात म्हणजे माझी रोजी. तो पुढं करताना मी अंगठा मुठीत दडवला, आणि ते त्यानं पाहिलं याचाच मला जास्त राग आला. त्याच्या कमरेचा पट्टा हातावर बसत गेला. बोटं आहेत की नाहीत तेही कळेना.

"सीधा गावाले जा. आत कोनाले पाह्यलं?"

"मानसं पाह्यली."

पुन्हा पट्टा. "कोनाले पाह्यलं?"

"अंधार होता, साहेब."

त्यानं पट्टा टेबलावर टाकला. "समजदार हायेस. पुन्हा या शहरात दिसला तं हा हात ठेवत नाई मी." चाकू त्यानं ठेवून घेतला. शेवटची एसटी निघून गेली होती. स्टँडवर बाकड्याखाली पडून राहिलो. बुटाचा आवाज आला की अंग चोरायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळमेश्वरची पहिली गाडी लागली. कंडक्टर ओरडून राहिला होता, मी पायरीवर पाय ठेवला, आणि काढला. मंडईच्या मागं गेलो. चिंचेखाली म्हातारी चूल फुंकत होती.

"माय, तुहा पोरगा ठान्यात हाय," मी म्हणालो. "मी पाह्यला. जिता हाय."

ती रडली नाही. चुलीतलं लाकूड बाहेर ओढून तिनं त्यावर पाणी टाकलं, चपला घातल्या आणि माझा सुजलेला हात पाहिला.

"मले सांगून काय होते बाप्पा? मले ते हाकलून देतीन. तूच चाल माह्यासंग, अन् तिथं सांग."

एसटी अजून लागलेली असेल, असं मनात आलं. म्हातारी थांबली नाही, रस्त्याला लागली. मी तिच्या मागं निघालो.