तिसरी ओळ आणि सरांचा "का?"

परवा सकाळी डिपार्टमेंटच्या बोर्डासमोर मी खडू घेऊन उभी होते... आता हसत लिहितेय, तेव्हा रडायचीच बाकी होते.

मी सोलापुरात एमएस्सी मॅथ्सला आहे. आमच्या सेमिनारची एक रीत आहे. आपण बोर्डावर गणित सोडवायचं, सर शेवटच्या बाकावर बसतात आणि मधेच कुठेतरी एवढंच विचारतात, "का?"

मागच्या वेळी त्या "का?"ला मी खडू ठेवून सरळ वर्गाबाहेर निघून गेले होते. या वेळीही नाही जमलं तर शिक्षण बंद आणि मोहोळला घरी परत, असं आईबाबांशी ठरलेलं.

सेमिनारच्या आदल्या दिवशी गणित काही केल्या सुटेना. शेवटी घाबरत घाबरत एका ऑनलाइन मॅथ्स ग्रुपवर प्रश्न टाकला. चहा होईपर्यंत कुणा अनोळखी माणसाचं पूर्ण उत्तर हजर... मी ते अधाशासारखं उतरवून घेतलं.

सकाळी पुन्हा वाचलं आणि तिसऱ्या ओळीवर पोटात गोळा आला. प्रत्येक फंक्शन कंटिन्युअस आहे, म्हणजे त्याचा आलेख कुठे तुटत नाही, म्हणून त्या सगळ्यांचं लिमिटही, म्हणजे ती शेवटी ज्याच्याकडे सरकत जातात ते फंक्शनही, कंटिन्युअस... असं लिहिलं होतं. पण का? इतक्या जणांनी लाइक केलंय म्हणजे मलाच कळत नसणार, असं वाटलं.

जुळे सोलापूरला मी मावशीकडे राहते. पोह्यांची ताटली पुढे करून ती म्हणाली, "लई घाबरलीस की गं. दोन घास खा, मग घाबर."

कसेबसे दोन घास खाऊन निघाले. रिक्षात बसल्या बसल्या ग्रुपवर विचारलं, तिसऱ्या ओळीचं कारण सांगाल का? गेट येईपर्यंत फोन बघत राहिले. कुणाचंच उत्तर नाही.

बोर्डावर पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरीही लिहिली. मागून आवाज आलाच... "का?"

दार उघडंच होतं. खरं सांगते, एक पाय तिकडे वळलाही होता. पण तोंडातून निघालं, "माहीत नाही सर. ही ओळ ऑनलाइन मिळाली. सकाळपासून हिचीच भीती वाटतेय."

सर उठून पुढे आले. आता बाहेर काढतात, अशी माझी खात्रीच झाली.

"भ्यायलाच पायजे की," ते म्हणाले. "ओळ खोटी हाय ती. शून्य ते एकमधला कुठलाबी आकडा घे, त्याला त्यानंच गुणत जा. बघ काय हुतंय."

अर्धा घेतला, मग नऊ दशांश... सगळे घसरत शून्याकडे निघाले. फक्त एक हा आकडा जागचा हलेना. म्हणजे लिमिटचा आलेख अगदी टोकाला तुटत होता. मग माझ्या गणितात तसं का होत नाही, ते दाखवायला हवं होतं, आणि ते मी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात माझं मीच लिहिलं.

तोवर सर पुन्हा शेवटच्या बाकावर गेले होते. "बास. जमलं की तुला," एवढंच म्हणाले. मला खाली बसायचंही सुचेना.

संध्याकाळी त्या अनोळखी माणसाचा रिप्लाय आला. "तुम्ही विचारल्यावर परत पाहिलं. ती ओळ माझीच चुकली होती. दुरुस्त केलीय."

त्याचे आभार, सरांचे आभार, मावशीच्या पोह्यांचेही... भीती काही गेलेली नाही, पुढचा सेमिनार आहेच. फक्त आता पोटात गोळा आला, की पळायच्या आधी तो कुठल्या ओळीवर आला ते बघते.