पेटीवाल्या इमॅन्युएलचे सपाट रिव्हेट

नंदुरबारकडच्या खांडबाऱ्याला पोरीच्या लग्नात द्यायची पत्र्याची पेटी घ्यायची म्हटली की लोक डोळे झाकून इमॅन्युएल गावितच्या दुकानी जातात. दुकान कसलं, स्टेशनच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड. पण पेटी अशी, की तिच्यात तोंड बघून घ्यावं! कोपऱ्याला पितळी पट्टी, आणि तिच्यावर ओळीनं बसवलेली रिव्हेटची गोल, चकचकीत डोकी. इमॅन्युएल ती डोकी काथ्यानं घासायचा आणि मगच पेटी बाहेर मांडायचा.

आतल्या बाजूचं मात्र विचारू नका. रिव्हेटचं डोकं बाहेर, म्हणजे ठोकून चपटं केलेलं शेपूट आत. ते ओबडधोबडच असणार. एखादं चौकस गिऱ्हाईक आत हात घालून कुरकुरलंच, तर इमॅन्युएल हसून म्हणायचा, "मामा, आत गोधड्या ठेवायच्यात ना? गोधडीला टोचत नाही." गिऱ्हाईकही हसायचं. मोठा बोलघेवडा माणूस, बोलण्यात त्याला कोण हरवणार!

या इमॅन्युएलची धाकटी बहीण प्रिस्किला. लहानपणी पोलिओनं तिचा डावा पाय लुळा पडला. लग्न झालं नाही. भावाच्याच घरात ओट्यावर मशीन टाकून ती गावभरच्या बायकांचे ब्लाऊज शिवते. जीभ तिचीही भावासारखीच तिखट. तिला कुठल्याशा शिबिरात मिळालेला कॅलिपर मोडला, तेव्हा इमॅन्युएलनं तो बघून बघून तसाच नवा केला: मांडीला वेढणारा पत्र्याचा पट्टा, दोन्ही बाजूंनी बुटापर्यंत जाणाऱ्या सळ्या, आणि दोघांना जोडणारे रिव्हेट. आतून कातडं चिकटवायचं. तेव्हापासून तिचा कॅलिपर झिजला की भाऊच नवा करतो. आणि करतो तो असा झकास, की नंदुरबारच्या दवाखान्यातल्या बाईंनीही एकदा विचारलं होतं, कुठून आणला म्हणून. इमॅन्युएल ते आठवडाभर सांगत फिरला.

तर त्या उन्हाळ्यात इमॅन्युएलच्या धाकट्या मुलीचं, निर्मलाचं, लग्न ठरलं. त्यांच्या पाड्यात एक रिवाज आहे. नवरीला घरापासून चर्चच्या दारापर्यंत फुईनं, म्हणजे आत्यानं, हात धरून चालवत न्यायचं. पुढं ढोल, मागं वऱ्हाड. दारापासून आत बापाचा हात. थोरलीच्या लग्नात प्रिस्किला रिक्षात बसून गेली होती. ऊन फार आहे म्हणाली. मग कुठली तरी लांबची आत्या उभी केली, आणि फोटोत ती लांबचीच आत्या आली.

निर्मला मात्र हटून बसली. "फुई चालणार नसेल तर मी पण रिक्षातच बसते," ती म्हणाली. "ढोलवाले रिक्षापुढं नाचू देत."

"वेडी का काय तू!" प्रिस्किला म्हणाली. "एवढा लांब रस्ता, आणि माझं हे लंगडं घोडं." असं म्हणून तिनं मशीनचं चाक फिरवायला घेतलं. डोळे वर केले नाहीत.

इमॅन्युएलनं ते पाहिलं. बहिणीला चालायचंय, हे त्याला कळत होतं. मग अडतंय कुठं? त्यानं कॅलिपर निरखला. बाहेरच्या गोल डोक्यांना साडीचे धागे अडकलेले होते. झालं, याला कोडं सुटलं! पोरीच्या लग्नात नवी साडी नेसायची, ती रिव्हेटला अडकणार, फाटणार, चारचौघांत शोभा होणार, म्हणून बाई नको म्हणते. साधी गोष्ट! डोकी सपाट करून टाकू. पट्ट्याच्या पत्र्यात बुडलेली, वरून हात फिरवला तर लागूच नये अशी. तिला विचारावं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. पुरुषाच्या डोक्यात एकदा काही शिरलं की तिथं दुसऱ्याला जागा नसते.

पेट्यांच्या कड्या आणायला तो सुरतेला जायचा. तिथून त्यानं सपाट डोक्याचे रिव्हेट आणले. वरून सपाट, खाली निमुळते होत गेलेले. भोकाच्या तोंडाला तसाच उतार दिला की डोकं आत बसतं आणि पत्रा सारखा लागतो. काम दिसायला सोपं होतं.

दिसायला! त्यानं पेटीवाल्याच्या रिवाजानं आधी बारीक ड्रिलनं भोक पाडलं आणि मग जाड ड्रिलनं तोंड मोठं केलं. जाड ड्रिल पातळ पत्र्यात थरथरलं, भोक तिकोनी झालं, रिव्हेट आत डुगडुगायला लागला. दुसऱ्या भोकात उतार एका अंगाला गेला आणि डोक्याची एक कड वर राहिली. ती धारदार कड साडी अडकवणार नाही, सरळ कापणार! त्यानं तो पत्रा भंगारात फेकला आणि बायकोवर उगाच ओरडला. रंजनाबाईनं चहाचा कप पुढं ठेवला आणि म्हणाली, "माझ्यावर कशाला? मी काय ड्रिल आहे?"

भोक आणि उतार एकाच फिरकीत पाडणारं हत्यार हवं होतं. पुढं बारीक ड्रिल, मागं त्याच रेषेत उतार पाडणारा रुंद भाग. असं मिळतं हे त्याला ठाऊक होतं, पण दुकानदारानं दिलं ते लोखंड कातायच्या लेथवरचं निघालं. त्याचा उतार फार खडा. रिव्हेटचं डोकं काठावरच अडून बसलं. दुसरं आणलं ते स्क्रूसाठीचं. ते जवळपास बसलं, पण इमॅन्युएलनं नखानं दाबलं तर डोकं हललं. जवळपास म्हणजे नाहीच की! मग त्यानं एक युक्ती केली. चर्चमधली उरलेली मेणबत्ती घेतली, मेण जरा मऊ केलं, रिव्हेट खालच्या टोकाकडून पार डोक्यापर्यंत त्यात दाबून काढला. उताराचा ठसा उमटला. ते मेण रुमालात बांधून तो हत्यार शोधायला निघाला. ज्या हत्याराचं तोंड या ठशात मुकाट बसेल ते आपलं.

नंदुरबारला कोणाकडे बसलं नाही. कोणीतरी सांगितलं, शहाद्याकडं बघा, तिकडं ऊसवाल्यांची यंत्रं दुरुस्त करणारे आहेत. मग प्रकाश्याच्या पुलावरून बस, आणि शहाद्यापलीकडं लोणखेड्याला योगेंद्र पाटलाचं वर्कशॉप. योगेंद्र गुजर पोरगा, तेलकट हातानंच त्यानं मेण उजेडात धरलं आणि मान हलवली.

"काका, हाई मन्हाकडे नही शे," तो म्हणाला. "पण मन्हा रतिलाल काका कळसाडीले ऱ्हातस. विमानना कारखानामा व्हतात त्या. त्यासले इचारा."

विमान! खांडबाऱ्याच्या पेटीवाल्याला कळसाडीच्या उसात विमानवाला भेटणार, हे कोणी सांगितलं असतं तर इमॅन्युएलनं त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण गेला.

रतिलाल पटेल अंगणात ठिबकच्या नळ्या गुंडाळत बसले होते. सगळी नोकरी विमानाचा पत्रा जोडण्यात गेलेली, आता ऊस. इतकी वर्षं बाहेर राहून बोलणं अगदी शहरी झालेलं. त्यांनी पार्वतीबाईंना, म्हणजे बायकोला, हाक मारून बिस्किटाचा जुना डबा मागवला आणि त्यातून फडक्यात गुंडाळलेलं एक बोटभर हत्यार काढलं. इमॅन्युएलनं त्याचं तोंड मेणाच्या ठशात टेकवलं. बसलं! कुठं फट नाही, कुठं हलणं नाही. त्याला इतका आनंद झाला, की त्यानं म्हाताऱ्याचे पायच धरले असते.

"याचा उतार शंभर अंशाचा," रतिलाल म्हणाले. "बाजारात मिळतात ते साठाचे, नव्वदाचे. रिव्हेट तसे भोळे दिसतात, पण दुसऱ्याच्या घरात बसत नाहीत. बरं, लावायचेत कशाला?"

इमॅन्युएलनं पिशवीतून अर्धवट कापलेला पट्टा काढला, बहिणीचं सांगितलं, लग्नाचं सांगितलं. रतिलालांनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट केला.

"आणि सपाट डोकं कुठल्या बाजूला येणार?"

"बाहेर. साडी अडकू नये म्हणून."

"आणि ठोकलेलं शेपूट?"

"आत."

रतिलालांनी पट्टा खाली ठेवला. मग म्हणाले, "विमानाला वारा बाहेरून घासतो, म्हणून आम्ही बाहेरची बाजू साफ ठेवायचो. तुझ्या बहिणीला काय घासतं रे? साडी अडकते म्हणून कोणी पोरीचा हात सोडतं का?"

इमॅन्युएलला पेटीतल्या गोधड्या आठवल्या.

"ने हे," रतिलाल म्हणाले. "काम झालं की सवडीनं आणून दे. मला काय उसाला भोकं पाडायचीत?"

येताना बसमध्ये तो पट्टा मांडीवर घेऊन बसला. घरी आला तेव्हा प्रिस्किला ब्लाऊज पोचवायला गेली होती. त्यानं रंजनाबाईला बाजूला घेतलं. "खरं सांग. कॅलिपर तिला आतून टोचतो?"

रंजनाबाईनं त्याच्याकडं बघितलं. "आज विचारलंस!" ती म्हणाली आणि परसातल्या दोरीकडं बोट केलं. दोरीवर जुन्या लुगड्याच्या लांब पट्ट्या वाळत होत्या. त्या रोजच तिथं वाळायच्या. इमॅन्युएलला वाटायचं, शिलाईच्या चिंध्या असतील. "ते मांडीला गुंडाळून त्यावर तुझा कॅलिपर घालते. कातडं झिजलं की शेपटं वर येतात. चार पावलं ठीक, लांब चाललं की सोलून निघतं. वरून कीर्तन, आतून तमाशा, तुझ्या पेट्यांसारखं!"

"मग मला का नाही सांगितलं कोणी?"

"तिनंच शपथ घातली होती."

इमॅन्युएल परसात गेला आणि त्या पट्ट्यांखाली उभा राहिला. त्याला रडू आलं. त्यानं ते आवरलं नाही.

मग मात्र त्यानं हातातल्या सगळ्या पेट्या बाजूला सारल्या. नवा पट्टा कापला. वाकवायच्या आधीच, आतल्या बाजूनं, रतिलालांच्या हत्यारानं भोकं पाडली. हत्यार सरळ धरून, न रेटता, त्याच्या कलानं. बारीक टोक पार गेलं, आणि मागच्या रुंद भागानं भोकाच्या तोंडाला गोल, साफ उतार दिला. पट्टा वाकवला, सळ्या लावल्या, सपाट डोकी आतून घातली आणि शेपटं बाहेर ठोकली. मग डोळे मिटून आतून बोट फिरवलं. डोकी कुठं आहेत ते बोटाला सापडेना. तरी त्यानं वर मऊ कातडं लावलंच.

प्रिस्किलानं कॅलिपर हातात घेतला आणि आधी बाहेरून पाहिला. "अगं बाई! दादा, हे काय? उलटं केलंस की. ठोकलेलं सगळं बाहेर! घासलंसुद्धा नाहीस."

"आत हात घाल," इमॅन्युएल म्हणाला.

तिनं घातला. बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, एकाच जागी थांबली. मग हळूच म्हणाली, "वहिनीनं सांगितलं ना?"

"तू का नाही सांगितलंस?"

"तू पेटी घासतोस तसा कॅलिपर घासून, चमकवून आणायचास. आणल्यावर पोरासारखा माझ्या तोंडाकडं बघत राहायचास. कसं सांगू?" ती म्हणाली आणि पदरानं डोळे टिपून त्याच्यावरच डाफरली, "आता उभा काय राहिलास? जा तिकडं, मला घालून बघू दे."

लग्नाच्या दिवशी इमॅन्युएल रिवाजाप्रमाणे आधीच चर्चच्या दारात जाऊन उभा राहिला होता. नवा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. ढोल लांबून ऐकू येत होता, पण जवळ येता येईना. शेजारच्या दलसिंगनं दोनदा म्हटलं, "रिक्षा पाठवू का?" इमॅन्युएलनं मान हलवली. नको.

मग वळणावर ढोलवाले दिसले, आणि त्यांच्या मागं निर्मला, आणि तिचा हात धरून प्रिस्किला. नवी पिवळी साडी. पाय टाकायची ती तिची जुनीच ढब, डावा खांदा खाली, पाऊल बाहेरून फिरवून. पण थांबत नव्हती. ढोलवाला तिच्या पावलाला धरून वाजवत होता, म्हणून एवढा वेळ लागला होता.

सावकाश त्या दोघी दाराशी आल्या. चालताना साडीची कड उचलली गेली तेव्हा दलसिंगचं लक्ष कॅलिपरकडं गेलं. "काय रे इमॅन्युएल," तो म्हणाला, "बहिणीच्या कॅलिपरवर हातोड्याचे घाव तसेच ठेवलेस? पॉलिश संपलं काय?"

"दिसू दे," इमॅन्युएल म्हणाला.

प्रिस्किलानं निर्मलाचा हात त्याच्या हातात दिला. मग कमरेला खोचलेली कापडाची एक घडी काढली आणि त्याच्या दुसऱ्या हातात ठेवली. लुगड्याच्या पट्ट्या होत्या, धुऊन, वाळवून, इस्त्री केलेल्या.

"वाटेत लागतील म्हणून घेतल्या होत्या," ती म्हणाली. "लागल्या नाहीत. घे, तुझ्या पेट्या पुसायला होतील. आतून पण पूस."