मुक्या गाडीचा भगीरथ

डोळखांबचा भगीरथ पूर्वी दिवाळी झाली की घरदार घेऊन वीटभट्टीवर जायचा. मग एका संस्थेने पाड्यांसाठी विजेवर चालणारी गाडी दिली आणि तो तिचा ड्रायव्हर झाला. गाडी रिकामी धावली तर परत नेऊ, असे संस्थेने बजावले होते. म्हणजे पुन्हा भट्टी.

आणि गाडी रिकामीच धावू लागली. आधी या रस्त्यावर धावणारी जुनी जीप चढावर गुरगुरायची. तो आवाज ऐकून पाड्यांवरच्या बायका बाजाराच्या टोपल्या उचलून रस्त्याकडे निघत. ही गाडी मुकी. हॉर्न ऐकून त्या धावत येईपर्यंत ती पुढे गेलेली असे, कारण वेळापत्रकात थांबायला जागाच नव्हती.

"भूत चालवतोस का रे?" माझ्यादेखत त्यांच्यातली भिमी त्याच्यावर ओरडली. "कवा येतोस, कवा जातोस, काय कळत नाय!"

दुसऱ्या दिवशी त्याने गाडीमागे तेलाचे रिकामे डबे बांधले. चढावर त्यांचा खडखडाट सुरू झाला की बायका पाड्यावरून उतरू लागतात. गाडी भरते, म्हणून टिकली आहे.

काल गाडीतून उतरताना मी त्याला विचारले, "दमलास का रे?"

"डोकं फुटतं, बाई. घरात पोरीला भांडंसुद्धा वाजवू देत नाय मी," तो म्हणाला आणि तसाच खडखडत पुढच्या चढाला लागला.